स्मृतिभ्रंश, शुश्रूषा आणि विचारणाऱ्याची भाषा

(महाजन मंडळाने श्रींच्या सभामंडपात योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



या सभामंडपात आजवर झालेली व्याख्याने बहुधा संतवाङ्मय, देवस्थानाचा इतिहास आणि कुळाचार यांवरच झालेली आहेत. त्या परंपरेत स्मृतिभ्रंशासारखा विषय, आणि तोही ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा या देशांतील मूळ रहिवाशांच्या संदर्भात मांडणे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु अग्रशाळेच्या मागील चार खोल्या, स्मृती क्षीण झालेल्या वृद्धांच्या दिवसभराच्या सांभाळासाठी राखून ठेवाव्यात, असा विचार समितीपुढे आलेला आहे. आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रवेश-अर्जाचा मसुदा करण्याचे काम, माझे सारे आयुष्य कारकुनीत गेले म्हणून असेल, माझ्याकडे सोपविण्यात आले आहे. अर्जात कोणते प्रश्न असावेत याचा शोध घेता घेता मी वाचनातून जेथे जाऊन पोहोचलो, तो प्रदेश आपल्यापुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपल्याला परका नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो, आणि येथे बसलेल्या कित्येकांना तो श्लोक मुखोद्गत असेल. तेथे विषयचिंतनापासून निघालेली उतरण क्रोधावरून संमोहाकडे, संमोहावरून स्मृतिभ्रंशाकडे आणि तेथून बुद्धिनाशाकडे जाते. तेथील स्मृती ही विवेकाची स्मृती आहे, वैद्यकातील स्मृतीशी तिचा संबंध नाही. तथापि शब्द तोच राहिला, आणि त्याबरोबर दोषाची एक पुसट छाया आपल्या मनात राहिली: माणसाचे काहीतरी चुकले असेल, म्हणून त्याची ही गत झाली. उलट बाजूस ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहेच. ती म्हणते, हे असे व्हायचेच, त्यात विशेष काय? एकीकडे दोष आणि दुसरीकडे दुर्लक्ष, अशा या दोन्ही समजुतींमध्ये रोगी मात्र रोगी म्हणून कोणाच्या नजरेस पडत नाही.

वस्तुतः मेंदूच्या पेशींची झीज करणाऱ्या अनेक व्याधींचे हे सामाईक नाव आहे. अल्झायमर ही त्यांतील सर्वांत मोठी, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणारी तिच्या खालोखाल. आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांत हे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत निघाला. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसांच्या प्रमाणात केरळच्या खालोखाल आपला गोवाच होता. येथे ते शेकडा ११.२ होते. तेव्हा अग्रशाळेच्या चार खोल्या भरतील की नाही, ही चिंता समितीने करू नये.

आता मुख्य गोष्ट. एखाद्याची स्मृती गेली आहे, हे ठरवायचे कसे? १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची एक छोटी परीक्षा तयार केली, आणि ती पुढे जगभर पसरली. तीत रोग्याला साल, ऋतू, तारीख, वार, महिना विचारतात. आपण कोणत्या मजल्यावर बसलो आहोत हे विचारतात. शंभरातून सात, पुन्हा सात, पुन्हा सात असे वजा करावयास सांगतात, किंवा इंग्रजीतील एक पाच अक्षरी शब्द उलटा उच्चारावयास सांगतात. एक वाक्य लिहावयास लावतात, एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची नक्कल काढावयास लावतात. शाळेत गेलेल्या, घड्याळावर चाललेल्या, मजल्यांच्या घरांत राहिलेल्या माणसासाठी ही परीक्षा वाईट नाही.

आता हीच परीक्षा घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या किंबर्ली प्रदेशात चला. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठा असा हा मुलूख, आणि वस्ती अत्यंत विरळ. तेथील आदिवासी वृद्धांपैकी कित्येकांना इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी किंवा चौथी भाषा. शाळेचे तोंड अनेकांनी पाहिलेले नाही. मजला म्हणावा तर घर जमिनीलगतचे. इंग्रजांचे वसंत-शरद तेथे येतच नाहीत. येतो तो पावसाचा काळ आणि कोरडा काळ, आणि त्यांच्या आतील बारीकसारीक भेद, जे त्यांना ठाऊक आणि परीक्षकाला नाहीत. ऑस्ट्रेलियातील कित्येक आदिवासी भाषांत मोठ्या संख्यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत, कारण त्यांची गरज कधी पडली नाही; मग शंभरातून सात कोणी आणि कसे वजा करावेत? शिवाय वडीलधाऱ्याला एकामागून एक थेट प्रश्न विचारणे, हाच तेथे उद्धटपणा. साहेबाने विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळे होणे, ही त्या लोकांनी गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे शतकभर शिकलेली आत्मरक्षणाची रीत. अशा माणसाला तीसपैकी दहा गुण मिळाले, तर स्मृती कोणाची गेली म्हणावयाची?

डॉ. डीना लोजुडिस, लिऑन फ्लिकर, केट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर तेथील लोकांबरोबर बसून शोधले. स्थानिक आदिवासी संस्थांशी आणि दुभाष्यांशी विचारविनिमय करून त्यांनी एक नवी चाचणी घडविली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. किंबर्लीच्या नावानेच ती ओळखली जाते. एकंदर गुण ३९. तीत कंगवा, पाणी प्यावयाचा पेला आणि आगपेटी या तीन वस्तू रोग्याच्या हाती देऊन त्यांची नावे व उपयोग विचारतात, मग त्या त्याच्यादेखत लपवून ठेवतात, आणि थोड्या वेळाने कोठे लपविल्या ते विचारतात. चित्रे दाखवितात ती मगरीची, एमू पक्ष्याची, सायकलची. बाटलीचे झाकण उघडून पाणी ओतावयास सांगतात. आणि कालाचे भान तपासण्यासाठी तारखेऐवजी एक प्रश्न आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटला: हा आठवडा पेन्शनचा आहे काय?

कारकून म्हणून या प्रश्नाचे मर्म मला तत्काळ कळले. वर्षानुवर्षे हयातीचे दाखले घेऊन आलेली म्हातारी माणसे मी मेजापलीकडून पाहिली आहेत. आपल्या जन्माचे साल सांगताना ती अडखळत, तारीख तर बहुतेकांनी सोडूनच दिलेली असे. पण रक्कम कोणत्या दिवशी जमा व्हावयाची आणि ती दोन दिवस उशिरा झाली आहे, हे त्यांना कधी विचारावे लागले नाही. काल म्हणजे दिनदर्शिकेवरचा आकडा नव्हे. जीवन ज्या खुंट्यांवर टांगलेले असते, त्या खुंट्या म्हणजे काल. ज्याने तो पेन्शनचा प्रश्न घातला, त्याने त्या लोकांच्या खुंट्या कोठे आहेत हे पाहिले होते.

या चाचणीने जे निष्पन्न झाले, ते मात्र दिलासा देणारे नव्हते. पंचेचाळीस वर्षे व त्यावरील ३६३ माणसांची तपासणी झाली, आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. शेकडा १२.४ जणांना स्मृतिभ्रंश होता. त्याच वयाच्या सर्वसाधारण ऑस्ट्रेलियन लोकांत हे प्रमाण शेकडा २.४ असताना. वयातील फरक हिशेबात घेतल्यानंतरही हे पाचपटीहून अधिक. म्हणजे परीक्षा सोपी करून आकडा लहान केला, असा आक्षेप कोणी घेईल तर तो टिकत नाही. योग्य भाषेत विचारल्यावरही दुखणे होतेच, आणि ते लवकर येत होते. पक्षाघात, डोक्याला झालेल्या इजा, अपस्मार, धूम्रपान, शिक्षणाचा अभाव यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला. पुढे न्यू साउथ वेल्समधील शहरी व निमशहरी वस्त्यांत साठीवरील ३३६ आदिवासींची पाहणी झाली, तेथेही प्रमाण शेकडा २१ निघाले. तेव्हा हा केवळ दूरच्या अरण्यातील प्रश्न नव्हता. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेची आखणी इतरांसाठी पासष्टाव्या वर्षापासून, तर आदिवासींसाठी पन्नासाव्या वर्षापासून धरतात, त्याचे एक कारण हेच.

न्यू साउथ वेल्सच्या त्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्यांचे बालपण अधिक आघातांत गेले, त्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश होण्याचा संभव अधिक दिसला. आघात कोणते? १९१० च्या सुमारापासून १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियन सरकारे आणि मिशने यांनी आदिवासी मुलांना, विशेषतः मिश्र रक्ताच्या म्हणून गणलेल्यांना, आईबापांपासून काढून नेऊन वसतिगृहांत ठेवले. त्या काळात दहा मुलांमागे एक ते तीन मुलांमागे एक अशी मुले नेली गेली असावीत, असे १९९७ च्या चौकशी अहवालाने नमूद केले. या लोकांना तेथे ‘चोरलेल्या पिढ्या’ असेच म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्याबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली.

आता ती मुले ऐंशीच्या घरात आली आहेत. या व्याधीचा स्वभाव असा की अलीकडचे आधी जाते आणि जुने मागाहून. कालचे जेवण आठवत नाही, पण सातव्या वर्षी काय घडले ते आज घडत असल्यासारखे समोर उभे राहते. ज्याचे सातवे वर्ष आजोळच्या अंगणात गेले, त्याला ही व्याधी कधी कधी दयेने वागविते. पण ज्याला सातव्या वर्षी गणवेशातील परक्या माणसाने गाडीत घालून नेले, ज्याची भाषा उच्चारताच शिक्षा झाली, ओळीत उभे करून ज्याला आंघोळ घातली गेली, त्या वृद्धाला गणवेशातील परिचारिका ठराविक वेळी स्नानगृहाकडे नेऊ लागते, जेवणाची घंटा होते, बाहेरचे दार कुलूपबंद असते, आणि भोवतालचे सर्वजण इंग्रजीत बोलत असतात. परिचारिकेचा हेतू शुद्ध आहे. पण तो वृद्ध मुळी आजच्या दिवसात नाही. तो वसतिगृहात परत गेला आहे. तो ओरडतो, हात झिडकारतो. कागदावर नोंद होते: आक्रमक वर्तन, झोपेचे औषध द्यावे.

या जागी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ या शब्दाचा अर्थ कळू लागतो. तो शब्द ऑस्ट्रेलियाचा नव्हे, न्यूझीलंडचा. इरिहापेती रॅम्सडेन नावाच्या माओरी परिचारिकेने तो रुजविला. १९८८ मध्ये क्राइस्टचर्च येथे माओरी परिचारिकांच्या एका मेळाव्यात एका विद्यार्थिनीने विचारले, तुम्ही कायदेशीर सुरक्षितता शिकविता, नैतिक सुरक्षितता शिकविता, औषधोपचारातील सुरक्षितता शिकविता. आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? रॅम्सडेनबाईंनी तो प्रश्न उचलला. १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने हा विषय परिचारिकांच्या अभ्यासक्रमात घातला, आणि त्यानंतर काही वर्षे वृत्तपत्रांतून त्यावर कडाडून टीका झाली. बाई डगमगल्या नाहीत. २००२ मध्ये याच विषयावर त्यांनी आपला प्रबंध पूर्ण केला आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराचा गाभा आपल्याला पटावयास जरा जड आहे. माओरींच्या चालीरीतींची यादी पाठ करा, असे त्या परिचारिकांना सांगत नव्हत्या. अशा पाठांतराचा त्यांना तिटकाराच होता. परिचारिकेने आधी स्वतःकडे पाहावे, मी कोठून आले, माझ्या हातात कोणती सत्ता आहे, मी ज्याला स्वाभाविक समजते ते केवळ माझ्या घरचे आहे काय, हे तपासावे, असे त्यांचे म्हणणे. आणि शुश्रूषा सुरक्षित होती की नाही याचा निर्णय शुश्रूषा करणाऱ्याने करावयाचा नाही. जिची शुश्रूषा झाली, त्या व्यक्तीने करावयाचा. आपण दानधर्माला सरावलेले लोक आहोत. दिलेले दान चांगले होते की नाही, हे घेणाऱ्याला विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही.

तरी रीती जाणून घ्याव्याच लागतात, आणि त्या न जाणल्यास काय होते याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात पुष्कळ. तेथील अनेक जमातींत जावई आणि सासू यांनी एकमेकांसमोर येऊ नये, बोलू नये असा कडक दंडक आहे. एका खोलीत दोघांच्या खाटा लागल्या, तर ती दोघांचीही विटंबना. स्त्रीच्या शरीराची सेवा पुरुषाने आणि पुरुषाची स्त्रीने करणे, हे पुष्कळांना असह्य. मृताचे नाव काही काळ उच्चारावयाचे नाही, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे; मग जुनी छायाचित्रे दाखवून ‘हे कोण ते ओळखा’ असे म्हणत स्मृतीला चालना देण्याचा जो उपाय इतरत्र गोड वाटतो, तो येथे आघात ठरू शकतो. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट भूमीची. त्यांच्या इंग्रजीत तिला नुसते ‘कंट्री’ म्हणतात. ती मालमत्ता नव्हे. आपण ज्याला कुलदैवताचे मूळ स्थान म्हणतो, त्याच्या जवळपास जाणारी ती भावना आहे. पोर्तुगीज अमदानीत आपल्या पूर्वजांनी देव पालखीत घालून नदीपलीकडे नेले, आणि शतके लोटली तरी मूळ गावाचे नाव देवाच्या नावामागून सोडले नाही, हे ज्यांच्या घरी सांगितले जाते, त्यांना त्या वृद्धांचे दुःख फोडून सांगावे लागणार नाही. शुश्रूषेसाठी त्यांना शेकडो किलोमीटरवरच्या शहरात हलविले की भूमी सुटते, आणि ती सुटलेली असताना मरण आले तर काय, ही भीती त्या माणसाला व्याधीपेक्षाही मोठी वाटते.

म्हणून काही ठिकाणी शुश्रूषाच भूमीवर नेली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातील आदिवासींच्या मालकीच्या प्रदेशात पुकाचा नावाचे गाव आहे. पूर्वी त्याला एर्नाबेला म्हणत. तेथे १९३७ मध्ये निघालेले मिशन असे होते की, जेथे मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवीत. सगळी मिशने एका मापाने मोजू नयेत म्हणून हे सांगितले. या गावात आज वृद्धांसाठी एक निवास आहे. त्याच्या नावाचा अर्थ, तेथल्या भाषेत, म्हाताऱ्या बाबांची आणि म्हाताऱ्या बायांची जागा. नावात रोग नाही, दया नाही, देणगीदारही नाही. अशा ठिकाणच्या सेवेत वृद्धांना बाहेर रानात नेणे, जाळाभोवती बसविणे, नातलगांनी हवे तेव्हा येऊन राहणे, या गोष्टी करमणुकीच्या सदरात मोडत नाहीत. त्या औषधाच्या सदरात मोडतात.

कॅनडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बराचसा इतिहास तोच आहे. तेथे सुमारे दीड लाख आदिवासी मुले निवासी शाळांत घातली गेली. २०१५ मध्ये सत्य व समेट आयोगाने त्याचा अहवाल दिला. किंबर्लीची चाचणी तेथे ह्यूरॉन सरोवरातील मॅनिटूलिन बेटावरील अनिशिनाबे लोकांबरोबर बसून नव्याने बेतण्यात आली. नुसते भाषांतर पुरणार नाही, हे त्यांनी आधीच ओळखले होते. या लोकांतील आणि इतरही काही जमातींतील वृद्धांनी संशोधकांना जे सांगितले, ते ऐकण्यासारखे आहे. विसरणे हे जीवनाचे वर्तुळ पुरे होत आल्याचे लक्षण. माणूस पुन्हा बालकाजवळ जातो, आणि म्हणून पूर्वजांच्याही जवळ. म्हातारी आजी कोपऱ्याकडे पाहून मृत बहिणीशी बोलू लागली, तर डॉक्टर त्याला भास म्हणतो आणि घरचे त्याला भेट म्हणतात. दोहोंपैकी खरे काय, हा वाद मी येथे घालत नाही. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्यांनी तो वाद दुसऱ्यांशी घालूही नये. आजीला त्या भेटीने भय वाटते की समाधान, एवढे विचारले तर पुढचा उपाय आपोआप ठरतो. न्यूझीलंडमध्ये स्मृतिभ्रंशाला माओरी भाषेत ‘माते वारेवारे’ म्हणतात, म्हणजे विसरण्याचे आजारपण. आणि ऑकलंड विद्यापीठाच्या मार्गरेट डडली या माओरी विदुषीने तेथील ज्येष्ठांशी बोलून स्वतंत्र चाचणी सिद्ध केली आहे.

हे सर्व ऐकून तेथे आता रामराज्य आले आहे, असे कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने २०१९ मध्ये जो अंतरिम अहवाल दिला, त्याचे शीर्षकच ‘दुर्लक्ष’ असे होते. २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी आहेत, आणि आदिवासींना त्यांच्या स्वतःच्या संस्थांमार्फत, स्वतःच्या भूमीवर सेवा मिळावी असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित सेवा हा हक्क म्हणून नोंदविला. कायदा कागदावर आला म्हणजे रानातील वस्तीवर परिचारिका पोहोचली, असे होत नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगावयास पुरावा लागत नाही. जाता जाता सांगतो, त्या देशातील वृद्धाश्रमांत काम करणाऱ्यांत भारत, नेपाळ, फिलिपिन्स येथून गेलेल्यांचा मोठा भरणा आहे. आपल्या ओळखीच्या घरांतील मुलीही त्यांत आहेत. त्या मुली आपल्या आजीची सेवा करावी त्या मायेने ती सेवा करीत असतील, यात मला शंका नाही. परंतु त्या वृद्धाच्या दृष्टीने गणवेश तोच आणि इंग्रजीही तीच. माया आपल्या जागी आणि ओळख तिच्या जागी.

आता आपल्या चार खोल्यांकडे वळतो. आपल्या देशातही परीक्षेची भाषा बदलण्याचे काम झालेले आहे. हरियाणातील वल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी फोल्स्टीन यांच्या चाचणीचे हिंदी रूप डॉ. मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी तयार केले आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लिहिण्या-वाचण्यावर अवलंबून असलेले प्रश्न त्यांत बदलले आहेत. पण वल्लभगडची हिंदी आपल्या कामाची नाही. आपल्याकडे तर एकाच डोक्यात तीन-चार भाषांचे कप्पे. १९६१ पूर्वी शाळेत गेलेल्या, आता नव्वदीकडे झुकलेल्या कित्येकांनी पाढे पोर्तुगीजमध्ये म्हटले, पोथी मराठीत वाचली, भांडण आणि लाड कोकणीत केले. अशा माणसाला वजाबाकी मराठीत विचारून तो चुकला, तर ती चूक कोणाच्या खात्यावर लिहावयाची? आणि ज्या म्हाताऱ्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांचे काय?

येथे मी स्पष्ट बोलणार आहे, समितीने क्षमा करावी. अर्जाच्या पहिल्या मसुद्यात ‘महाजन कुटुंबाचे नाव व वांगड’ असा रकाना वरच घालावा, अशी सूचना मला करण्यात आली. देवस्थानच्या नोंदवहीत तो रकाना योग्यच आहे. पण या गावात गावडे, कुणबी, वेळीप यांचे वाडे आहेत. २००३ मध्ये या तिन्ही समाजांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळाली. त्यांचे येथले असणे मात्र आपल्या ताम्रपटांहून जुने आहे. त्यांच्या वृद्धांनाही ही व्याधी होते. त्यांची कोकणी आपल्या घरातल्या कोकणीहून वेगळी, त्यांचे मांड, त्यांची धालो-शिगम्याची गाणी वेगळी. कोणत्या घरात त्यांना मोकळेपणाने बसता आले आणि कोणत्या घरात ओटीच्या खालीच थांबावे लागले, हे त्यांच्या म्हाताऱ्यांना व्याधी जडल्यावरही आठवत असणार. मघाशी सांगितले, जुने ते मागाहून जाते. अग्रशाळेच्या पायरीशी येऊन अशी एखादी म्हातारी अडून बसली आणि आत येईना, तर तिच्या कागदावर ‘हट्टी’ अशी नोंद करण्यापूर्वी, तिच्या सातव्या वर्षी या पायरीशी तिला कोणी काय म्हटले होते, हे विचारावयास हवे. ते विचारण्यासाठी तिच्या वाड्यावरची मुलगी आपल्या कामावर असावी लागेल, स्वयंसेविका म्हणून नव्हे, पगारावर. अंदाजपत्रकात ती रक्कम मी धरली आहे.

आणखी एक खुलासा. हा अर्ज म्हणजे रोगनिदान नव्हे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता यांनीही स्मृती मंदावते, आणि ती बरीचशी परत येऊ शकते; म्हणून प्रत्येकाला आधी डॉक्टरांकडे पाठवावेच लागेल. आपला अर्ज एवढ्यासाठीच की, आत येणारे माणूस कोणत्या खुंट्यांवर उभे आहे, ते आपल्याला कळावे.

त्या दृष्टीने मी प्रश्नांचा एक कच्चा कागद केला आहे. वार, तारीख, साल त्यात नाहीत. श्रींची पालखी यंदा झाली की व्हावयाची आहे, भात लावून झाले की कापणी आली, चवथीच्या माटोळीला काय काय बांधतात, धाकटेपणी तुम्हाला घरी कोणत्या नावाने हाक मारीत आणि आता त्या नावाने हाक मारलेली चालेल काय, कोणाच्या हातून आंघोळ घालून घ्याल आणि कोणाच्या हातून मुळीच नाही, असे नऊ प्रश्न झाले आहेत. यांतले बहुतेक माझ्याच घरच्या आठवणींतून आले असल्यामुळे ते माझ्यासारख्यांनाच लागू पडतील. कागदाची अर्धी बाजू मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. तो कार्यालयात ठेवलेला असून, ज्यांच्या घरी अशी माणसे आहेत त्यांनी, आणि विशेषेकरून वाड्यांवरच्या मंडळींनी, येत्या पंधरा दिवसांत येऊन आपले प्रश्न त्यावर लिहावेत किंवा तोंडी सांगावेत. लिहून घ्यावयास मी रोज सायंकाळी चार ते सहा तेथे बसतो.